आगमनानंतरची क्षयतपासणी

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक होऊन वर्षे लोटल्यावर, सेवानिवृत्त आईवडिलांना कायम वास्तव्यासाठी तिकडे बोलावून घेण्याचा प्रघात आता पुण्या-मुंबईच्याच नव्हे, तर कोल्हापूर-नागपूरच्या मध्यमवर्गीय कुटुंबांतही रुळला आहे. आणि अशा कुटुंबांपैकी काहींच्या घरी, वडीलधारी मंडळी विमानातून उतरून पुरती स्थिरस्थावर होतात न होतात तोच, तेथील काउंटीच्या आरोग्य खात्याचे एक पत्र येऊन पडते. क्षयरोगाच्या पुढील तपासणीसाठी अमुक दवाखान्यात यावे, येताना जुने कागदपत्र बरोबर आणावेत, अशी त्यातील विनंती असते. भारतात सर्व तपासण्या झाल्या, नेमलेल्या डॉक्टरांनी दाखला दिला, वकिलातीने व्हिसा मंजूर केला, मग हा नवा ससेमिरा कशासाठी, असा प्रश्न घरात उभा राहतो. कोणाला त्यात संशयाचा वास येतो, कोणाला अपमान वाटतो, तर ज्या घरात क्षयाचे नाव आजही दबक्या आवाजात घेतले जाते, तेथे ते पत्र कपाटात जाऊन पडते ते कायमचेच. ही भीती समजण्याजोगी आहे. परंतु प्रवासापूर्वीच्या साऱ्या सोपस्कारांपेक्षा या पत्राने सुचवलेल्या तपासणीत रोग्याचे अधिक हित असू शकते, आणि असे का, ते या रोगाच्या स्वभावातच दडलेले आहे.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये ज्या जंतूचा शोध जाहीर केला, त्याचे अवघे चरित्र त्याच्या मंदगतीत सामावले आहे. दुधाला विरजण लावले की एका रात्रीत दही लागते, कारण विरजणातील जंतू भराभर दुणावतात. क्षयजंतूला मात्र एकदा दुणावायला पंधरा ते वीस तास लागतात, आणि प्रयोगशाळेत पोषक द्रव्यावर त्याची वसाहत डोळ्यांना दिसण्याइतकी वाढायला कित्येक आठवडे जावे लागतात. रुग्णाच्या खोकल्यातून हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म तुषारांबरोबर हा जंतू फुफ्फुसाच्या अगदी तळच्या वायुकोशांत पोहोचतो. तेथे शरीराच्या भक्षक पेशी त्याला गिळतात, परंतु त्याच्या मेणचट आवरणामुळे त्याला पचवू शकत नाहीत. मग त्या पेशींभोवती इतर संरक्षक पेशींचा वेढा पडतो, एक बारीकशी गाठ तयार होते आणि जंतू त्या गाठीत कोंडला जातो. तो मरतोच असे नाही. जगातील सुमारे एक चतुर्थांश माणसांना या जंतूचा संसर्ग झालेला आहे असा अंदाज आहे, आणि त्यांपैकी शंभरातील पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग जडतो. संसर्गानंतरची पहिली दोन वर्षे अधिक धोक्याची. परंतु तारुण्यात शिरलेला जंतू साठीनंतर, मधुमेहाने, मूत्रपिंडाच्या विकाराने, स्टेरॉइडसारख्या औषधांनी किंवा केवळ वार्धक्याने प्रतिकारशक्ती खालावल्यावर उठून बसल्याची उदाहरणेही वैद्यांच्या नित्य पाहण्यात आहेत. ज्याच्या अंगी असा सुप्त संसर्ग आहे त्याला ताप नसतो, खोकला नसतो, त्याच्यापासून कोणाला बाधा होत नाही, आणि त्याच्या छातीचे चित्रही बहुधा स्वच्छ येते.

अशा जंतूला सरहद्दीवर अडवण्याचा प्रयत्न अमेरिकेने शतकाहून अधिक काळ केला. न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर १८९२ साली स्थलांतरितांच्या तपासणीचे ठाणे उघडले, तेव्हा सरकारी डॉक्टर जिना चढणाऱ्या माणसांच्या रांगेकडे पाहत उभे राहत आणि कोणी लंगडला, कोणाला धाप लागली की त्याच्या कोटावर खडूने एखादे अक्षर काढून त्याला बाजूला घेत. १९०७ च्या कायद्याने क्षयरोग्यांना प्रवेश नाकारण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत झाली. ही कडक नजर मुख्यतः जहाजाच्या तळमजल्यावरून आलेल्या गरिबांसाठी होती. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी जहाजावरच, बरीच सौम्यपणे उरकली जाई, जणू क्षयजंतूलाही तिकिटाचा दर्जा कळत होता. या अन्यायाची आठवण ठेवणे आवश्यक आहे, कारण आजच्या स्थलांतरिताच्या मनातील अढीची मुळे त्या खडूच्या अक्षरापर्यंत पोहोचतात.

आजची व्यवस्था पुष्कळ बदलली आहे. कायम वास्तव्याचा व्हिसा मागणाऱ्याची तपासणी त्याच्या स्वतःच्या देशातच, अमेरिकी वकिलातीने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून होते. आपल्याकडे असे डॉक्टर मुंबईत आणि इतर काही मोठ्या शहरांत आहेत. प्रौढांच्या छातीचे क्ष-किरण चित्र काढतात, आणि क्षयाचे प्रमाण जास्त असलेल्या देशांत दोन वर्षे व त्यावरील वयाच्या सर्वांच्या रक्ताची चाचणी करतात. चित्रात काही शंकास्पद दिसले की तीन वेगवेगळ्या दिवशी थुंकीचे नमुने घेतले जातात. २००७ पूर्वी हे नमुने केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यावर भागवले जाई. त्या वर्षी निघालेल्या सूचनांनी जंतूंची वाढ करून पाहणेही आवश्यक ठरवले, आणि ज्या प्रवासाची तयारी पूर्ण झाली आहे तो दोन-दोन महिने खोळंबण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. संसर्गक्षम रोग आढळला तर उपचार पूर्ण होईपर्यंत रवानगी थांबते. रोग आढळला नाही, परंतु चित्रात जुना व्रण आहे, किंवा रक्तचाचणीत संसर्गाची खूण आहे, किंवा घरात अलीकडे कोणी रुग्ण होता, तर अर्जदाराची नोंद ‘बी’ वर्गात होते. हा वर्ग रोगाचा शिक्का नव्हे, ही पुढे पाहत राहण्याची शिफारस आहे. प्रवासी उतरला की त्याची इत्तला केंद्रीय दफ्तरातून राज्याच्या आणि तेथून काउंटीच्या आरोग्य खात्याकडे जाते, आणि साधारण तीस दिवसांच्या आत त्याला तपासावे असा संकेत आहे. कपाटात ठेवलेले ते पत्र या वाटेने आलेले असते.

साठ-सत्तरच्या दशकांत मिरजेच्या किंवा शिवडीच्या रुग्णालयात स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घेऊन बरे झालेले, किंवा आपल्याला कधी क्षयाची बाधा झाली होती हे ठाऊकही नसलेले असे कितीतरी लोक आज सत्तरीच्या उंबरठ्यावर परदेशी जात आहेत, आणि त्यांच्या फुफ्फुसाच्या वरच्या भागातील जुन्या व्रणाची पांढुरकी रेषा क्ष-किरणाच्या चित्रात उमटते. हा व्रण मेलेला आहे की त्यात अजून जीव आहे, हे एका दिवशी काढलेल्या एका चित्रावरून निश्चित सांगणे अनुभवी डॉक्टरांनाही कठीण जाते. दोन-तीन महिन्यांच्या अंतराने काढलेली दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिली, की जे बदलले नाही ते बहुधा जुने आणि जे बदलले ते संशयास्पद, असा निर्णय बराच सुकर होतो. या तुलनेसाठीच आगमनानंतरचे दुसरे चित्र हवे असते. ते किती मोलाचे ठरते याचा दाखला २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मिळतो. १९९९ ते २००५ या काळात अमेरिकेत आलेल्यांपैकी, परदेशात क्षयाचे निदान झाले होते पण ज्यांच्या थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले नव्हते, अशांची तेथे पुन्हा तपासणी झाली, तेव्हा शंभरांतील सात जणांना फुफ्फुसाचा सक्रिय क्षय असल्याचे आढळले. ज्यांचा रोग निष्क्रिय म्हणून नोंदला होता, त्यांच्यातही हे प्रमाण १.६ टक्के होते. २००७ नंतरच्या नियमांमुळे अशा पुष्कळ रुग्णांचे निदान आता प्रवासापूर्वीच होते, तरी सुप्त संसर्गाचा प्रश्न त्याने सुटत नाही. अमेरिकेत २०२३ साली नोंदलेल्या सुमारे ९,६०० क्षयरुग्णांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक त्या देशाबाहेर जन्मलेले होते, आणि तेथील बहुसंख्य रुग्णांत रोग नव्या लागणीने नव्हे, तर वर्षानुवर्षे निजलेल्या जंतूच्या जागृतीने उद्भवतो.

सुप्त संसर्ग ओळखण्याची विद्या जुनी आहे. क्लेमेन्स फॉन पिर्केट यांनी १९०७ साली क्षयजंतूपासून काढलेले ट्युबरक्युलिन त्वचेवर वापरून चाचणी बसवली आणि पुढच्याच वर्षी शार्ल मांतू यांनी ते द्रव्य सुईने त्वचेच्या थरात टोचण्याची रीत सांगितली. आपल्या डॉक्टरांच्या तोंडी असलेली ‘मँटू’ ती हीच. परंतु ज्याला लहानपणी बीसीजीची लस टोचली आहे त्याच्या हातावर या चाचणीने गाठ उठू शकते, आणि ती लसीमुळे की संसर्गामुळे, याचा उलगडा होत नाही. भारतीय माणसाच्या बाबतीत ही अडचण पदोपदी येते. आता तेथे वापरली जाणारी रक्ताची चाचणी निराळ्या तत्त्वावर उभी आहे. क्षयजंतूजवळ अशी काही प्रथिने आहेत की ज्यांचा जनुकखंड बीसीजीच्या जंतूतून तो प्रयोगशाळेत वाढवला जात असता नाहीसा झाला. ही प्रथिने रक्ताच्या नमुन्यात घातली, आणि त्या रक्तातील पेशींची खऱ्या क्षयजंतूशी पूर्वी गाठ पडलेली असली, तर त्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे द्रव्य सोडतात व ते मोजता येते. लस टोचलेली असो वा नसो, निष्कर्ष ढळत नाही. मात्र आत शिरलेला जंतू निजला आहे की जागा, हे ही चाचणीही सांगू शकत नाही. त्यासाठी पुन्हा छातीचे चित्र, लक्षणांची विचारपूस आणि गरज पडल्यास थुंकीची तपासणी यांचाच आधार घ्यावा लागतो.

निजलेला जंतू औषधाने मारता येतो, हे जॉर्ज कॉमस्टॉक यांनी अलास्कातील बेथेल परिसराच्या खेड्यांत सिद्ध केले. तेथील मूळ रहिवाशांत क्षयाने त्या काळी कहर केला होता. १९५७ पासून सुरू झालेल्या या प्रयोगात काही घरांना आयसोनियाझिडच्या गोळ्या आणि काहींना औषधहीन गोळ्या वर्षभर दिल्या, तेव्हा औषध घेणाऱ्यांतील रोगाचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. ज्या औषधाची शिफारस आपण दुसऱ्याला करणार ते कॉमस्टॉक यांनी स्वतः घेतले आणि आपल्या कुटुंबालाही दिले. लोकांचा विश्वास संपादन करण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही. पूर्वी हा उपचार सहा ते नऊ महिने चाले आणि कित्येक जण तो मध्येच सोडून देत. आता आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन यांची आठवड्यातून एकदा अशी बारा आठवडे मात्रा, किंवा चार महिने रोज रिफाम्पिसिन, हे पर्याय उपलब्ध आहेत.

तरीही माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेचे यश औषधापेक्षा विश्वासावर अधिक अवलंबून आहे. ऑस्ट्रेलिया काही प्रवाशांकडून, उतरल्यावर २८ दिवसांच्या आत आरोग्य खात्याशी संपर्क साधण्याची लेखी हमी घेते. कॅनडातही पाळतीखाली ठेवलेल्याला ठराविक मुदतीत हजर व्हावे लागते. ब्रिटनने विमानतळावरील क्ष-किरणाची वहिवाट सोडून २०१२ पासून प्रवासापूर्वीची तपासणी आणि पुढे तरुण स्थलांतरितांसाठी त्यांच्या कुटुंब-डॉक्टरांकडील रक्तचाचणी हा मार्ग धरला. अमेरिकेत ‘बी’ वर्गातील माणसाला येणारे बोलावणे विनंतीवजा असते, आणि जो गेला नाही त्याचा वास्तव्याचा हक्क त्यामुळे जात नाही. मला हीच पद्धत योग्य वाटते. दवाखान्याच्या दाराशी हद्दपारीची छाया पडली तर खोकणारा माणूसही लपून राहील आणि सर्वांचेच नुकसान होईल. म्हणून आरोग्य खात्याने आपले दफ्तर वास्तव्याच्या चौकशीपासून अलग ठेवावे आणि नवागताला त्याच्या भाषेत धीर द्यावा, हे त्याचे कर्तव्यच आहे. क्षयरोग्याला समाजापासून तोडण्याची आवश्यकता नाही, हा धडा तर जगाला आपल्या देशानेच दिला. १९५६ पासून मद्रासमध्ये वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली झालेल्या अभ्यासाने दाखवले, की झोपडीवजा घरात राहून औषध घेणारे रोगी सॅनिटोरियममधील रोग्यांइतकेच बरे होतात आणि त्यामुळे घरच्यांना जास्त धोका पोहोचत नाही.

एक उणीव मात्र ठळक आहे. अमेरिकेत शिकायला किंवा ठराविक मुदतीच्या नोकरीवर जाणाऱ्यांना ही तपासणी व्हिसासाठी लागू नाही. विद्यापीठाने मागितली तर होते, नाहीतर राहून जाते. दर लाखास दरवर्षी सुमारे दोनशे नवे क्षयरुग्ण असलेल्या देशातून, दर लाखास तीनच रुग्ण असलेल्या देशात गेलेल्या तरुणाचा खोकला तीन आठवडे टिकला, रात्री घाम येऊ लागला, वजन उतरू लागले, तर तेथील डॉक्टराच्या मनात क्षयाचा विचार चटकन येईलच असे नाही. आपण भारतातून आलो आहोत, हे अशा वेळी रोग्यानेच आपणहून सांगावे.

ज्यांच्या घरी आईवडील यायचे आहेत, त्यांनी भारतातील क्ष-किरण चित्रांची तबकडी, थुंकीच्या तपासणीचे निकाल आणि जुन्या उपचारांचे कागद सामानात नव्हे, हातातील पिशवीत आणायला सांगावे. पत्र आले की त्या दिवशी रजा काढून त्यांच्याबरोबर जावे. ते शक्य नसेल तर दवाखान्याकडे मराठी किंवा हिंदी दुभाष्याची मागणी करावी, ती करण्यात संकोच नको. मधुमेह असेल, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर ते न विसरता सांगावे. तपासणी आणि सुप्त संसर्गाची औषधे काउंटीच्या दवाखान्यांत पुष्कळ ठिकाणी विनामूल्य मिळतात. ही औषधे यकृताला क्वचित अपाय करतात, आणि वयोवृद्धांत तो संभव अधिक. म्हणून भूक मेली, डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद झाली, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तसे काही झाले नाही, तर मात्र शेवटची मात्रा संपेपर्यंत एकही चुकवू नये.