समुद्रावरचा पहारा

समुद्राला कुंपण घालता येत नाही. मग त्याची राखण करायची कशी? मार्च २०२४ मधली एक घटना पाहू. सोमाली चाच्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये 'रुएन' हे मालवाहू जहाज पळवले होते. तांबड्या समुद्रात हूथींचे हल्ले सुरू झाल्यावर जगाचे लक्ष तिकडे वळले आणि थंडावलेल्या चाचेगिरीने पुन्हा डोके वर काढले. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर 'आयएनएस कोलकाता' या युद्धनौकेने रुएनला अडवले. नौदलाचे कमांडो हवाई दलाच्या विमानातून समुद्रात उतरले. ४० तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले. म्यानमार, बल्गेरिया आणि अंगोलाचे १७ खलाशी सुखरूप सुटले.

म्हणजे पहाऱ्याला नुसत्या तोफा पुरत नाहीत. दूरवर पोहोचणारी जहाजे हवीत आणि वेळेवर खबरही हवी. त्यासाठी गुरुग्रामला २०१८ पासून हिंदी महासागरातल्या जहाजांची माहिती एकत्र करणारे केंद्र चालते. तिसरी गरज कायद्याची. २०११ मध्ये पकडलेल्या चाच्यांना मुंबईत आणले, तेव्हा चाचेगिरीसाठी आपला वेगळा कायदाच नव्हता. तो २०२२ च्या अखेरीस संसदेने संमत केला. म्हणून रुएनवरचे चाचे मुंबईत उतरले, तेव्हा कायदा तयार होता.

आपला बहुतांश परदेशी व्यापार समुद्रावरूनच चालतो. समुद्र कधीही न पाहिलेल्या गावातल्या पंपावरचे डिझेलही बहुधा परदेशी तेलाचेच असते, आणि ते तेल याच पाण्यातून आलेले असते. समुद्रावरचा पहारा त्या गावासाठीही आहे.