उद्यानातला ड्रोन : आभाळ केंद्राचे, हिरवळ पालिकेची

विशेष प्रतिनिधी

घरात नवा ड्रोन आला की तो उडवून पाहण्यासाठी शहरी माणसाला सर्वप्रथम आठवते ती जवळची बाग. गच्चीवर वारा असतो, रस्त्यावर विजेच्या तारा असतात. बागेत मात्र मोकळी जागा मिळते. याच मोकळ्या जागेसाठी लहान मुले, ज्येष्ठ नागरिक आणि फिरायला येणारी कुटुंबेही बागेत येतात. पाव किलो वजनाचे, चार पाती गरगर फिरवणारे यंत्र त्यांच्या डोक्यावरून जाणार असेल, तर त्याला परवानगी कोणाची, हा प्रश्न केवळ कागदोपत्री उरत नाही.

'अडीचशे ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनला कसलीच परवानगी लागत नाही,' अशी समजूत हौशी मंडळींत सर्रास आढळते. ही समजूत अर्धसत्य आहे. ड्रोन उडवताना यंत्र, आकाश, जमीन आणि सार्वजनिक सुरक्षा अशा चार बाबींचा विचार करावा लागतो व त्यांवर वेगवेगळ्या यंत्रणांचा अधिकार चालतो. एकीची सूट दुसरीला लागू होत नाही.

वजनाचा हिशेब

केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम अधिसूचित केले. त्यांत ड्रोनचे वजनानुसार पाच वर्ग केले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा 'नॅनो', त्यापुढे दोन किलोपर्यंतचा 'मायक्रो', २५ किलोपर्यंतचा 'स्मॉल', १५० किलोपर्यंतचा 'मीडियम' आणि त्याहून जड तो 'लार्ज'. हौशी उड्डाणांचा संबंध प्रामुख्याने पहिल्या दोन वर्गांशी येतो.

नॅनो ड्रोन चालवण्यासाठी वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो ड्रोन व्यावसायिक कामासाठी वापरायचा नसेल, तर त्यालाही ते लागत नाही. नॅनो ड्रोनला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा आणि 'टाइप सर्टिफिकेट' यांतूनही सूट आहे. समजुतीतला खरा भाग एवढाच.

मायक्रो ड्रोनला मात्र विमा आवश्यक आहे. त्याची नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नोंदणीचे शुल्क १०० रुपये इतके माफक आहे. २०२४ मधील दुरुस्तीनंतर पासपोर्ट नसलेल्यांना मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका किंवा वाहन परवानाही चालतो. खरी अडचण वेगळीच आहे. नोंदणीसाठी साधारणपणे त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट मिळालेले असावे लागते. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीच अपवाद ठेवला आहे. त्यामुळे परदेशातून येताना कोणी बॅगेत घालून आणलेला किंवा ऑनलाइन मिळालेला मायक्रो ड्रोन पैसे मोजून घेतला, तरी त्याची रीतसर नोंदणी होईलच असे नाही. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे या प्रमाणपत्राची विचारणा करणे म्हणूनच शहाणपणाचे.

आकाशाचे तीन रंग

यंत्राचा प्रश्न सुटला तरी आकाशाचा उरतो. देशाचा हवाई नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागला आहे. 'डिजिटल स्काय' या सरकारी संगणकीय मंचावर तो सर्वांसाठी उपलब्ध आहे.

हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, पूर्वपरवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, तर लाल क्षेत्रात थेट केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. ड्रोन नॅनो आहे म्हणून पिवळ्या वा लाल क्षेत्राची अट शिथिल होत नाही.

महाराष्ट्रातील मोठ्या शहरांची अडचण येथे आहे. मुंबईचा विमानतळ भर वस्तीत आहे. दादरचे शिवाजी पार्क त्याच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्याही आत येते. याशिवाय शहरात नौदलाचे तळ आणि भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा असून लष्कराच्या दक्षिण विभागाचे मुख्यालयही शहरातच आहे. नागपूरचे अंबाझरी उद्यान विमानतळापासून काही किलोमीटरवरच आहे. शहरातली एखादी बाग हिरव्या क्षेत्रात असेलच असे गृहीत धरता येत नाही. नकाशावर ती जागा शोधून रंग पाहणे, हाच खात्रीचा मार्ग.

पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाचा अधिकारी निकडीच्या वेळी एखादा परिसर तात्पुरते लाल क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतो. कालपर्यंत हिरवे असलेले क्षेत्र आज हिरवे असेलच असे नाही. नकाशा दर उड्डाणापूर्वी पाहायचा तो यासाठी.

हिरवळीवर कोणाची सत्ता?

२०२१ च्या नियमांत सार्वजनिक उद्यानांसाठी स्वतंत्र प्रकरण नाही. याचा अर्थ तेथे मोकळीक आहे असा नव्हे. उद्यान ही महापालिकेची मालमत्ता असते. तेथे काय करता येईल आणि काय नाही, हे पालिकेचा उद्यान विभाग ठरवतो. क्रिकेट खेळण्यास किंवा पाळीव प्राणी आणण्यास मनाई करणारे फलक याच अधिकारातून लागतात. वरचे आकाश हिरवे असले, तरी खालच्या हिरवळीवरून ड्रोन सोडण्यास पालिका हरकत घेऊ शकते. फलकावर ड्रोनचा उल्लेख नसेल, तर उद्यान विभागाच्या कार्यालयात विचारून लेखी उत्तर घेणे सुरक्षित. सुरक्षारक्षकाने मान डोलावली, ही परवानगी नव्हे.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची गोष्ट निराळी आहे. नावात 'उद्यान' असले तरी तेथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो आणि अधिकार वन विभागाचा असतो. पालिकेच्या बागेचा न्याय तेथे लावता येणार नाही.

एकाने सैल, दुसऱ्याने घट्ट

ड्रोनविषयीच्या धोरणात सुरुवातीपासून दोन प्रवाह दिसतात. २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोन उड्डाणांना मनाई केली. डिसेंबर २०१८ पासून ती परवान्यांच्या चौकटीत खुली झाली. २७ जून २०२१ रोजी जम्मूतील हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटके टाकण्यात आली. त्यानंतर दोनच महिन्यांत केंद्राने नियम अधिक सुटसुटीत केले; उद्योगाला चालना देणे हा त्यामागील हेतू होता. सुरक्षा यंत्रणांची चिंता मात्र कमी झाली नाही. ती स्थानिक मनाई आदेशांतून व्यक्त होत राहिली.

मुंबई पोलीस ड्रोन, रिमोटवर चालणारी हलकी विमाने, पॅराग्लायडर आणि गरम हवेचे फुगे यांवर वेळोवेळी बंदी घालतात. एप्रिल व मे २०२५ मध्येही शहरात असे आदेश लागू होते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. असा आदेश एका वेळी दोन महिन्यांहून अधिक काळ अमलात राहत नाही. राज्य सरकार मात्र त्याची मुदत वाढवू शकते.

या आदेशाचा भंग केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. त्यातून कोणाच्या जिवाला धोका निर्माण झाल्यास कैदेची मर्यादा एक वर्षावर आणि दंडाची ५,००० रुपयांवर जाते. ड्रोन नियमांच्या भंगासाठी एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद वेगळी आहे. मुलाच्या हौसेखातर बागेत गेलेल्या पालकाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते, ती बहुधा मनाई आदेशाची माहिती नसल्यामुळे.

खालच्या माणसाचा हक्क

सर्व रंग आणि परवाने जुळून आले, तरी एक अट कायम राहते. कोणत्याही व्यक्तीची किंवा मालमत्तेची सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने ड्रोन उडवता येत नाही. बागेत ही अट पाळणे वाटते त्याहून कठीण आहे. संपर्क तुटला किंवा बॅटरी उतरली की अनेक ड्रोन ठरावीक उंची गाठून आपोआप निघाल्या जागी परततात. परतीच्या वाटेत गुलमोहराची फांदी आली, तर यंत्र थेट खाली येते. शहरांतील उंच झाडांवर घारींची घरटी असतात आणि घिरट्या घालणाऱ्या यंत्रावर घार झेप घेते.

दुसरा प्रश्न कॅमेऱ्याचा. व्यक्तीच्या खासगी अवयवांचे संमतीविना चित्रण हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई नुसार गुन्हा आहे. स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणे न्याय संहितेच्या कलम ७७ खाली येते. बागेलगतच्या इमारतीच्या खिडकीसमोर कॅमेरा रेंगाळला, तर प्रकरण या कलमांपर्यंत जाऊ शकते. मात्र बाकावर बसलेल्या आजोबांचे किंवा घसरगुंडीवरच्या मुलीचे साधे चित्रण या कलमांच्या कक्षेत सहसा येत नाही. तेथे उडवणाऱ्याच्या तारतम्यावरच भिस्त ठेवावी लागते.

उडवायचा तरी कुठे?

सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रालयाने नागरी ड्रोनविषयक स्वतंत्र विधेयकाचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केला. परवाने आणि शिक्षा यांची चर्चा त्यानिमित्ताने झाली. हौशी माणसाचा साधा प्रश्न मात्र जागेचा आहे. न्यूयॉर्कमध्ये शहराच्या काही उद्यानांत रिमोटवरच्या विमानांसाठी मैदाने नेमून दिलेली आहेत. बाकीच्या उद्यानांत मनाई असली, तरी छंदाला एक पत्ता मिळतो.

असे मैदान जवळपास नसेल, तर शहराबाहेर हिरव्या क्षेत्रातील मोकळी जमीन शोधून मालकाची संमती घेणे, हा मार्ग उरतो. बागेचाच आग्रह असेल, तर नकाशावरील रंग, पोलिसांचा चालू आदेश आणि उद्यान विभागाचे लेखी उत्तर, या तिन्ही गोष्टी घरून निघण्यापूर्वी हाती असाव्यात. तिन्ही अनुकूल असल्या, तरी पहाटेची निर्मनुष्य वेळ निवडावी आणि झाडांपासून दूर राहावे. तिन्हींपैकी एक जरी प्रतिकूल असेल, तर ड्रोन खोक्यातच राहिलेला बरा.