पाणी वाजतं कसं?

नळाखाली कळशी लावून आत गेलेल्या बाईला ती भरत आल्याचं कुणी सांगावं लागत नाही. सुरुवातीचा घुमणारा, जाड आवाज बारीक होत वर चढू लागला की ती हातातलं काम टाकून उठते. आता काचेच्या पेल्यावर चमच्याने हलकी टिचकी मारा. थोडं पाणी घालून पुन्हा मारा, मग आणखी घालून. इथे मात्र सूर उतरत जातो. भांडं भरताना सूर चढतो आणि वाजवताना उतरतो, असा हा उलटा कारभार.

कारण सोपं आहे. कळशी भरताना घुमते ती पाण्यावर उरलेली हवा. ती जागा आखूड होत जाते, तसा सूर चढतो. टिचकी मारल्यावर थरथरते ती काच. पाण्याच्या ओझ्याने तिची थरथर मंदावते आणि सूर खाली येतो. दोन्ही प्रयोगांत पाणी आहे, पण ते स्वतः वाजत नाही.

आपलं जलतरंग या दुसऱ्या जातीचं. चिनी मातीच्या लहानमोठ्या वाट्या अर्धवर्तुळात मांडायच्या आणि थेंबाथेंबाने पाणी घालत, काढत एकेक सूर लावायचा. मैफलीत आपण ऐकतो ती चिनी मातीच. पाण्याकडे काम असतं ते सुराची खुंटी पिळण्याचं.

पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राचं पाण्याशी नातं याहून दूरचं होतं. १७ जुलै १७१७ रोजी लंडनच्या थेम्स नदीत राजा पहिला जॉर्ज याच्या नौकेसोबत दुसऱ्या नौकेवर सुमारे ५० वादक संगीतकार हँडेलचं ‘वॉटर म्युझिक’ वाजवत होते. राजाला ते इतकं आवडलं, की त्याने ते तीनदा वाजवून घेतलं. पण नदी होती ती नौकेखाली, संगीतात नव्हे. बेद्रिख स्मेतानाने १८७४ मध्ये, कान पुरते गेल्यानंतर, व्ल्टावा नदीवर त्याच नावाचं संगीत लिहिलं. त्यात दोन बासऱ्या नदीचे दोन उगम होतात आणि पुढे व्हायोलिनांच्या साथीने नदी रुंदावते. देबुसीच्या ‘ला मेर’मध्ये समुद्र आहे. या साऱ्यांनी लाकूड, पितळ आणि तारांमधून पाण्याचा भास उभा केला. मंचावर पाण्याचा थेंब नव्हता.

तो आणण्यात अमेरिकी संगीतकार जॉन केजचा मोठा वाटा. १९३० च्या दशकात पोहणाऱ्यांच्या एका जलनृत्यासाठी संगीत देताना अडचण आली. डोकं पाण्याखाली गेलं की नर्तकांना ताल ऐकू येईना. केजने घंटेसारखी मोठी तबकडी, म्हणजे गाँग, वाजवून थेट पाण्यात बुडवली. ताल तळापर्यंत पोहोचलाच, शिवाय वरच्यांना आणखी काही ऐकू आलं. पाण्यात शिरताना गाँगचा सूर मींड घेतल्यासारखा घसरत होता. पेल्याचाच नियम, फक्त धातूवर. १९३९ च्या ‘फर्स्ट कन्स्ट्रक्शन’मध्ये केजने हा पाण्यातला गाँग वाद्य म्हणून वापरला.

पाण्याला ऑर्केस्ट्रापुढे मुख्य वादकाची जागा दिली ती तान डुन या चिनी संगीतकाराने. जन्म १९५७ चा, हूनान प्रांतातला. नदीकाठी कपडे धुणं, तांदूळ धुणं, अंघोळ, या आवाजांत त्याचं बालपण गेलं. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्याला भातशेतीवर राबायला पाठवलं होतं. तिथून त्याची सुटका झाली तीही पाण्यामुळेच, आणि वाईट रीतीने. एका पेकिंग ऑपेरा मंडळीतले काही कलाकार नाव बुडून दगावले आणि त्यांच्या जागी वादक हवा म्हणून या पोराला बोलावणं आलं. पुढे बीजिंग, मग न्यूयॉर्क आणि ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’च्या संगीताला ऑस्कर.

‘वॉटर कॉन्चेर्टो’, म्हणजे पाणी हाच मुख्य वादक असलेली ऑर्केस्ट्राची रचना, त्याने १९९८ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्रासाठी लिहिला. पाण्याच्या थेंबांच्या ध्वनिमुद्रणातून १९६० मध्येच संगीत रचणारे जपानी संगीतकार तोरू ताकेमित्सू यांच्या स्मृतीला तो अर्पण आहे. १९९९ मध्ये तो पहिल्यांदा वाजला तेव्हा संचालक होते कुर्ट माझुर आणि पाण्यापाशी होता क्रिस्टोफर लँब. एरवी मुख्य व्हायोलिनवादक उभा राहतो त्या जागी पाण्याने भरलेली मोठी, पारदर्शक, अर्धगोल घमेली. खालून प्रकाश, शेजारी मायक्रोफोन. वादक तळहाताने पाण्यावर थाप मारतो, ओंजळ उपसून सोडतो, बोटांनी शिंतोडे उडवतो. लाकडी वाडगे पाण्यावर पालथे तरंगत ठेवून तो त्यांवर काठ्यांनी ठेका धरतो. पश्चिम आफ्रिकेत भोपळ्याच्या पालथ्या कवच्यांवर हेच होतं. चाळणीतून पाणी निथळतं, तेव्हा तेही वादन असतं.

मग ‘टप’ या आवाजात वाजतं तरी काय? थेंब पाण्यात पडतो तेव्हा खळगा होतो, आणि खळगा मिटताना खाली हवेचा बारीक बुडबुडा अडकतो. तो आकसतो, फुगतो, आणि त्याचाच हा नाद. मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये याचं गणित मांडलं: बुडबुडा जितका लहान, तितका सूर उंच. सुमारे तीन मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला हजारेक कंपनं देतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने आणि पाण्याखालच्या मायक्रोफोनने हे अधिक नेमकं दाखवलं: कंप पावणारा बुडबुडा वरच्या पाण्यालाच हलवतो आणि त्यातून आवाज हवेत येतो. गळक्या नळावर त्यांचा उपायही मजेदार आहे. खालच्या भांड्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाका. पृष्ठताण कमी होतो आणि टपटप बंद.

म्हणजे तान डुनचा वादक खरं तर बुडबुडे वाजवतो. बुडबुडे सुरात लावून ठेवता येत नाहीत. म्हणून या कॉन्चेर्टोत पाण्याला गाणं दिलेलं नाही. पाण्याकडे लय आहे आणि आवाजाचा पोत आहे. सुरावटीचा भार ऑर्केस्ट्रा उचलतो. हात किती पसरट ठेवायचा, किती खोल न्यायचा, हा इथला रियाज. तबल्यावर बोटाची जागा चुकली की बोल बिघडतो, तसंच.

याला चमत्कृती म्हणणारे आहेत. प्रकाशात चमकणारं पाणी पाहून तसं वाटणं साहजिक आहे. पण पाण्यावर थापा मारून तालबद्ध वादन करणं हा न्यूयॉर्कचा शोध नव्हेच. प्रशांत महासागरातल्या व्हानुआटूच्या बँक्स बेटांवर बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून ते करतात. कॅमेरूनच्या जंगलात बाका बायका नदीत करतात. तान डुनने घाटावरचा हा आवाज उचलून सभागृहात नेला आणि त्यासाठी व्हायोलिनांना थांबायला लावलं. माझ्या लेखी ती चमत्कृती नाही, उशिरा दिलेला मान आहे.

या कॉन्चेर्टोचं चित्रण इंटरनेटवर मिळतं. पहिल्यांदा मात्र पाहू नका. डोळे मिटून नुसतं ऐका. दुसऱ्या वेळी पाहा.