कागदावर न आलेली आजी

ब्रिटनमध्ये घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याचा आपल्याला हेवा वाटावा एवढा कागद तिथं जपलेला आहे. इंग्लंडमध्ये चर्चनं बाप्तिस्मा, लग्न, दफन वहीत लिहून ठेवावं असा हुकूम 1538 मध्ये निघाला. इंग्लंड-वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून आहे, स्कॉटलंडमध्ये 1855 पासून. तरीही पूर्वज अज्ञात राहतात. कागद नष्ट झाले म्हणून, हे त्याचं नेहमीचं उत्तर, आणि ते अर्धंच खरं आहे. इंग्लंड-वेल्सची 1931 ची शिरगणती 1942 मध्ये आगीत जळाली हे खरं. पण कितीतरी पूर्वजांच्या बाबतीत कागद शाबूत आहे, त्यात फक्त ते माणूस नाही. नोंद करणाऱ्यानं त्याच्या कामापुरतंच लिहिलं. 1841 च्या शिरगणतीत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं होतं आणि जन्म त्याच काउंटीतला की स्कॉटलंड, आयर्लंड वा परदेशातला, एवढंच विचारायचं होतं. सरकारला लोक मोजायचे होते. त्यामुळे एकाच गावातले एकाच नावाचे दोघे त्या वहीत वेगळे काढणं आज अवघड होतं. 1875 पासून तर, लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या नोंदीत बापाचं नाव त्यानं स्वतः हजर राहून आईसोबत सही केल्याशिवाय घालता येईना. ती रिकामी जागा कायद्यानं आखलेली आहे.

हिंदुस्थानाशी संबंध आला की ही जागा आणखी मोठी होते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांतल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत. बाप गोरा आणि आई इथली असेल, तर बापाचं नाव सापडतं. आईच्या जागी बरेचदा काहीच नसतं, किंवा ‘नेटिव्ह बाई’ एवढंच. इतिहासकार दुर्बा घोष यांनी 2006 च्या आपल्या पुस्तकात या गाळलेल्या नावांचाच मागोवा घेतला आहे. साहेबांच्या मुलांना सांभाळत बोटीनं विलायतेला गेलेल्या आया प्रवाशांच्या याद्यांत ‘मिसेस अमुक यांची आया’ म्हणून उतरल्या. लंडनच्या हॅकनी भागात त्यांचं वसतिगृह होतं, त्या घरावर 2022 मध्ये निळी स्मृतिपाटी लागली. यादीतल्या आयांना मात्र त्यामुळे नावं मिळालेली नाहीत. आपण इतरांकडे बोट दाखवू नये. आपल्या जुन्या वंशावळींतही मूळपुरुषापासून मुलगेच खाली उतरतात, आणि लेकी सासरच्या नावाखाली दिसेनाशा होतात.

आता डीएनए आहे, मग कागदाचं दुखणं कशाला, असा आक्षेप येतो. त्याला उत्तर सुरतेच्या एलायझा केवार्कच्या गोष्टीत आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या थिओडोर फोर्ब्सच्या मुलांची ही आई. त्याच्या मृत्युपत्रात ती घर सांभाळणारी बाई म्हणून येते. तिची मुलगी कॅथरिन स्कॉटलंडला पाठवली गेली, आणि आईकडून आईकडे जाणाऱ्या त्या धाग्यात पुढे राजकुमारी डायना येते. घराण्यात एलायझा आर्मेनियन म्हणून सांगितली जाई. 2013 मध्ये नातलगांच्या तपासणीत निव्वळ आईकडून उतरणारा डीएनए ‘आर30बी’ या दक्षिण आशियाई गटातला निघाला. तेव्हा ती आर्मेनियन ओळख खोटी ठरली, असं अनेकांनी मानलं. मला ते पटत नाही. केवार्क हे आर्मेनियन नाव आहे. बाप आर्मेनियन आणि आई इथली असेल, तर दोन्ही पुरावे एकत्र नांदतात. शिवाय या तपासणीत फक्त आईची आई, तिची आई एवढीच वाट दिसते. उरलेल्या डीएनएचा सरासरी वाटा पिढीगणिक निम्मा होतो. सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा तो एक टक्क्याहूनही कमी राहतो. डीएनए प्रदेश सांगतो, नाव सांगत नाही.

नाव नसलं तरी जुळणारं एखादं घालावं, वंशवृक्ष तरी पूर्ण होईल, असंही म्हणतात. पण एकदा घातलेलं नाव पुढचा शोधक पुरावा म्हणून उचलतो, आणि त्याच्यामागे एका परक्या कुटुंबाचे सगळे पूर्वज आत येतात. त्यापेक्षा वेगळ्या कामासाठी लिहिलेले कागद धुंडाळावेत: मृत्युपत्रं, पत्रं, हिशेबाच्या वह्या. बाप्तिस्म्याच्या वहीला नको असलेली बाई पैसे देणाऱ्याच्या वहीत येऊ शकते. तिथंही नसेल, तर ठाऊक आहे तेवढंच लिहावं. एलायझाच्या आईच्या चौकटीत आज लिहिता येतं ते असं: अठराव्या शतकात जगलेली, बहुधा दक्षिण आशियाई स्त्री, नाव नोंदलेलं नाही.