जिंकल्यानंतरची वसुली

कॅसान्ड्रा क्लेअर यांची ‘द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स’ ही कुमारवयीन वाचकांसाठीची मालिका मुळात तीन पुस्तकांतच आटोपायची होती. २००७, २००८ आणि २००९ अशी लागोपाठ तीन वर्षं ती पुस्तकं आली. तिसऱ्यात खलनायक व्हॅलेंटाइन मेला, युद्ध जिंकलं गेलं, नायक-नायिका एकत्र आले. मग २०११ मध्ये ‘सिटी ऑफ फॉलन एंजल्स’ हा चौथा भाग आला, तेव्हा संपलेली गोष्ट कशाला ताणायची, हा प्रश्न ओघानेच आला. प्रश्न रास्त आहे. तरीही मला हा भाग मालिकेतला सर्वांत गरजेचा वाटतो. तसं का वाटतं हे सांगायचं तर कथानक फोडावं लागेल. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी आधी पुस्तक वाचावं, लेख कुठे पळून जात नाही.

या लेखनप्रकाराला अर्बन फँटसी म्हणतात. त्यातली जादू दूरदेशीच्या राजवाड्यात न राहता ओळखीच्या शहरात नांदते. क्लेअर यांचं शहर न्यूयॉर्क. रस्त्यावरच्या माणसाला जे पडकं चर्च दिसतं ते खरं तर राक्षसांशी लढणाऱ्या शॅडोहंटरांचं ठाणं असतं, ब्रुकलिनमध्ये एक जादूगार झोकात पार्ट्या देतो, एका बंद पडलेल्या हॉटेलात व्हॅम्पायर राहतात. ही नवलाई पहिल्या भागात भरपूर असते, चौथ्यापर्यंत वाचक त्या शहराचा रहिवासीच झालेला असतो. मग लेखकाने करायचं काय? दर वेळी नवं साहस द्यायचं आणि नायकाला होता तसाच ठेवायचा, ही एक वाट. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्या वाटेने गेला, म्हणून त्याचं कुठलंही पुस्तक मधूनच उचललं तरी चालतं. दुसरी वाट अवघड: आधी जे जे घडलं त्याची किंमत पात्रांकडून वसूल करायची. चौथा भाग तेच करतो.

सायमनचंच बघा. पहिल्या पुस्तकात तो नायिकेचा, क्लॅरीचा, चष्मेवाला साधा मित्र. दुसऱ्यात तो व्हॅम्पायर होतो, आणि नायक जेस याचं रक्त प्यायल्यामुळे त्याला उन्हाची भीती उरत नाही. तिसऱ्यात क्लॅरी त्याच्या कपाळावर केनची खूण काढते. बायबलमध्ये देवाने केनला दिलेलं हे संरक्षण, मारायला येणाऱ्यावर सातपट उलटणारं. त्या त्या वेळी या सगळ्या गोष्टी सुटकेसारख्या वाटल्या होत्या. चौथ्या भागात आईला त्याच्या खोलीत रक्ताच्या बाटल्या सापडतात. तो खरं काय ते सांगतो आणि पोटच्या पोरासमोर ती बाई भीतीने थिजते. मग सायमन आपली नवी शक्ती वापरून तिच्या मनातून तो प्रसंग पुसून टाकतो आणि घर सोडतो. या प्रसंगात तलवार नाही, राक्षस नाही. सातपट सूड घेणारी ती खूण आईच्या नजरेपुढे काहीच कामाची नाही. तो कायम सोळा वर्षांचाच राहणार आहे, ही गोष्ट आधीच्या भागांत जवळपास गमतीची होती. इथे ती गंमत राहत नाही.

जेसच्या बाबतीत हिशोब आणखी कडक आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी देवदूत राझिएल क्लॅरीला एक वर देतो आणि ती मेलेल्या जेसचे प्राण मागते. बहुतेक परीकथा इथे थांबतात. क्लेअर यांनी पुढचा प्रश्न विचारला: मेलेला माणूस परत आला तर काय काय मागे राहतं? शॅडोहंटर मुलाला जन्मतःच दुष्ट शक्तींपासून संरक्षण दिलेलं असतं. मृत्यूबरोबर जेसचं ते संरक्षण गेलं, आणि त्या फटीतून लिलिथ ही राक्षसीण त्याच्या मनात शिरली. क्लॅरीला ठार मारत असल्याची स्वप्नं त्याला पडू लागतात. क्लॅरीने प्रेमापोटी मागितलेलं वरदानच तिच्यावर उलटतं. खूण, उन्हात टिकणारं रक्त, परत मिळालेला जीव, हे तिन्ही धागे शेवटी एका गच्चीवर घडणाऱ्या प्रसंगात एकत्र येतात. योगायोगाने असं जमत नाही.

आक्षेप आहेतच. हा भाग पैशासाठी लिहिला, हा पहिला. असेलही. कॉनन डॉयल यांनी मारलेल्या शेरलॉक होम्सला १९०३ मध्ये परत आणलं, त्यात वाचकांच्या रेट्याचा आणि प्रकाशकांच्या पैशाचा वाटा होताच. म्हणून त्या कथा कुणी टाकून दिल्या नाहीत. पुस्तक का लिहिलं आणि ते कसं उतरलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा आक्षेप मला बराचसा मान्य आहे: जेसने एकदा तोंड उघडून क्लॅरीला स्वप्नांबद्दल सांगितलं असतं, तर मधली कितीतरी पानं वाचली असती. घाबरलेला, स्वतःचीच लाज वाटणारा मुलगा गप्प बसतो, एवढं बचावाखातर म्हणता येईल, पण तो अबोला लेखिकेने गरजेपेक्षा लांबवला आहे. सायमनचं एकाच वेळी दोन मुलींना झुलवणंही हलक्या विनोदापलीकडे फारसं जात नाही. तिसरा आक्षेप असा की, हे पुस्तक एकटं उभं राहत नाही आणि ऐन मोक्यावर तुटतं. ते खरंच आहे. पण परिणामांची गोष्ट कारणं वगळून कळावी ही अपेक्षाच चुकीची. शेवटाच्या तुटकपणाबद्दल मात्र मी लेखिकेची बाजू घेणार नाही. एक लढाई पुरती निपटल्यावर वाचकाला श्वास घ्यायला दोन पानं तरी द्यायला हवी होती.

तेव्हा वाचायचं असेल तर क्रमाने वाचा. आधी पहिले तीन भाग, मग व्हिक्टोरियन लंडनमध्ये घडणारं आणि २०१० मध्ये आलेलं ‘क्लॉकवर्क एंजल’. तिथली कॅमिल ही व्हॅम्पायर चौथ्या भागात न्यूयॉर्कला येऊन सायमनला गाठते, आणि तिचा पूर्वेतिहास ठाऊक असला की तिचं गोड बोलणं वेगळंच ऐकू येतं. त्यानंतर हा भाग घ्या. आणि पाचवा, ‘सिटी ऑफ लॉस्ट सोल्स’, हाताशी ठेवूनच बसा.