रॅम्प-दाराचा सज्जा
रॅम्प-दाराचा सज्जा म्हणजे राहत्या ट्रेलरचे मागचे उतरते दार जमिनीवर न टेकवता आडवे टांगून तयार केलेली बैठकीची जागा होय. अमेरिका व कॅनडामध्ये ‘टॉय हॉलर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रेलरांत पुढे निवासाची सोय आणि मागे मोटारसायकल किंवा एटीव्ही ठेवण्याचे गॅरेज असते. गाड्या उतरवल्यावर गॅरेज मोकळे होते व दार त्याचे अंगण बनते.

मराठी वाचकास ही रचना अगदीच अपरिचित नाही. मालट्रक व टेम्पोचा मागचा फाळका दोन साखळ्यांवर आडवा राहतो. शहाडजवळच्या उल्हासनगर कॅम्प १ सारख्या दाट वस्तीत टेम्पोतून भाजी-फळे विकणारा त्याच फाळक्यावर तराजू मांडतो. तत्त्व तेच, मात्र सज्ज्यावर माणसे उभी राहतात, त्यामुळे भाराचा हिशेब काटेकोरपणे करावा लागतो.

रचना

दार खालच्या कडेला लांब बिजागरीने जोडलेले असते व ते उचलण्यास स्प्रिंगची मदत मिळते. सज्जा करताना दोन्ही बाजूंना पोलादी तारदोर किंवा साखळ्या, तीन बाजूंना कठडा आणि उतरण्यासाठी सुटा जिना बसवतात. पाणी आत न येता बाहेर वाहून जावे म्हणून बाहेरील कड किंचित खाली ठेवतात.

भारवहन

रॅम्प म्हणून वापरताना दाराचे दुसरे टोक जमिनीवर असते आणि गाडीच्या वजनाचा काही भाग जमीन पेलते. टांगलेल्या दाराला तो आधार नसतो. बाहेरील कडेचा सर्व भार तारदोरांवर व त्यांच्यामार्फत चौकटीवर येतो. म्हणून रॅम्पसाठी दिलेली भारमर्यादा सज्ज्यासाठी गृहीत धरणे चूक आहे. रूपांतरात सर्वाधिक धोक्याची चूक हीच.

उदाहरणार्थ, दार २ मीटर लांब आहे आणि त्यावर प्रत्येकी ७५ किलो वजनाची ६ माणसे, म्हणजे ४५० किलो भार आहे. तारदोर बाहेरील कडेपासून बिजागरीच्या वर २ मीटर उंचीवर बांधले, तर कोन ४५ अंशांचा होतो. माणसे सारखी विखुरलेली असताना प्रत्येक दोरावर सुमारे १५९ किलोंचा ताण येतो. सूर्यास्त पाहण्यासाठी सारी कठड्याशी जमली, की तोच ताण सुमारे ३१८ किलो होतो. दोर केवळ १ मीटर उंचीवर बांधले असल्यास तो सुमारे ५०३ किलोंवर जातो. दाराचे स्वतःचे वजन व माणसांच्या हालचालीचे हिसके यांत धरलेले नाहीत. मुले उड्या मारणारच, हेही गृहीत धरलेले बरे.

यावर साधा उपाय म्हणजे बाहेरील कडेखाली उंची बदलता येणारे दोन टेकू लावणे. मऊ जमिनीत ते रुतू नयेत म्हणून खाली फळी ठेवतात. टेकू लावले तरी तारदोर काढत नाहीत.

पाणी व गंज

अनेक दारांच्या आत लाकडी गाभा असतो. कठड्यासाठी पाडलेल्या छिद्रांतून पाणी झिरपल्यास तो फुगतो आणि स्क्रूची पकड सैल होते. त्यामुळे प्रत्येक छिद्र जलरोधक लांबीने बुजवावे लागते. कोकणातील पावसात ही काळजी अधिकच आवश्यक ठरते.

भारतातील स्थिती

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेतील बदलांवर निर्बंध घालते. त्यामुळे दाराला कायमचा कठडा वा चौकट जोडण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे आवश्यक असते. मुक्कामापुरता जोडून निघताना काढून ठेवता येणारा सुटा कठडा अधिक सोयीचा ठरतो.