बहावा फुलला, तारीख कोणी लिहिली?

जागतिक पर्यावरण दिन महाराष्ट्रातल्या शाळांना कधीच सापडत नाही. ५ जूनला उन्हाळी सुट्टी असते. शाळा उघडतात जूनच्या मध्याला, विदर्भात त्याच्याही आठवडाभर नंतर. तरी फोटो जातातच. केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळीच निरोप येतो : ‘लिंकवर माहिती भरावी, विद्यार्थ्यांसह फोटो आवश्यक.’ मग गुरुजी मोटारसायकलला किक मारतात, शाळेजवळच्या वस्तीवरून दोन पोरं उचलतात. नवे गणवेश अजून आलेले नसतात, म्हणून गेल्या वर्षीचे, दंडात आवळणारे शर्ट अंगावर चढतात आणि कोरड्या ठणठणीत जमिनीत एक रोप उभं राहतं. पाऊस यायचा असतो. तोवर पाणी कोण घालणार, हा रकाना लिंकमध्ये नसतो.

हे कुचेष्टेने लिहीत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकामागे लागलेल्या लिंकांची नुसती यादी केली तरी या पानाची जागा संपेल. माझं भांडण आहे ते रोपाशी. रोप लावणं सोपं, त्याचा आकडा सांगणं त्याहून सोपं. २०१९ मध्ये आपण राज्यभरात ३३ कोटींचं लक्ष्य ठेवलं आणि २०२१ मध्ये त्या साऱ्या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली. एवढ्या मोठ्या घटनेतून शाळेतल्या पोरांना काय शिकायला मिळालं? खड्डा किती बाय किती घ्यायचा, एवढंच. त्या खड्ड्यातलं झाड पुढच्या मार्चमध्ये कसं होतं, हे पाहायला कोणी सांगितलंच नव्हतं.

पर्यावरण शिक्षण सक्तीचं कसं झालं, तो न्यायालयीन इतिहास थोडक्यात असा. एम. सी. मेहता यांची याचिका, २२ नोव्हेंबर १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, तो कोणी मनावर घेत नाही म्हणून डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा बडगा, मग २००४ मध्ये एनसीईआरटीचा पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम. आदेश नेक होता. पण आपल्याकडे एखादी गोष्ट सक्तीची झाली की तिची आधी वही होते, मग त्या वहीची झेरॉक्स.

ती झेरॉक्स मी परवा डोळ्यांनी पाहिली. भाची यंदा बारावीत गेली. वरच्या वर्गातल्या मैत्रिणीने तिला आधीच सांगून ठेवलेलं, की पर्यावरणाचा प्रकल्प कॉलेजसमोरच्या दुकानात मिळतो. आम्ही गेलो होतो पुस्तकं घ्यायला. दुकानदाराने न विचारता ड्रॉवर उघडला. ‘ध्वनिप्रदूषण देऊ, का प्लास्टिक? जलप्रदूषणाला रंगीत पानं आहेत, पन्नास जास्त पडतील.’ वीसेक पानं, स्पायरल बाइंडिंग, पहिल्या पानावर ऋणनिर्देश. त्यात ‘माझे मार्गदर्शक’ या शब्दांपुढे ठिपक्यांची ओळ आणि खाली ‘मी स्वतः परिसरात फिरून ही माहिती संकलित केली आहे’ हे वाक्य मात्र छापील. भाची हसत सुटली. मग म्हणाली, ‘मामा, घेऊन टाक ना. सगळे हेच देतात.’

मला त्या क्षणी माधव गाडगीळ आठवले.

गाडगीळ म्हटलं की आपल्याला पश्चिम घाटाचा अहवाल आठवतो आणि चर्चा लगेच खाणी, धरणं, दरडी यांच्याकडे वळते. त्यांचं दुसरं काम त्या गदारोळात झाकलं गेलं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी एकवीस विषयगट नेमले होते. त्यांतला ‘हॅबिटॅट अँड लर्निंग’ हा, म्हणजे परिसर आणि शिक्षण यांचं नातं तपासणारा गट गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली होता. या गटाने मांडलेली कल्पना आजही मला धाडसी वाटते. पोरांनी पर्यावरणावर निबंध लिहू नयेत, आपल्या गावच्या पर्यावरणाची माहिती गोळा करावी. ओढ्याला पाणी कधीपर्यंत असतं, कुठली झाडं कमी झाली, कचरा कुठे पडतो. ती माहिती सर्वांना पाहता येईल अशा खुल्या संग्रहात जावी. विद्यार्थ्याने दिलेली नोंद देशाला उपयोगी पडली पाहिजे, शिक्षकाच्या कपाटाला नव्हे. लाखो शाळा, कोट्यवधी डोळे. एवढी मोठी वेधशाळा जगात दुसऱ्या कुणाकडे असेल? आपण तिला ध्वनिप्रदूषणाची झेरॉक्स काढायला लावली.

गाडगीळांची कल्पना बारावीच्या पोरांना कशी दाखवायची, याचा विचार करताना मला बहावा सापडला.

दर मे महिन्यात एक निरोप फिरतो. पिवळ्याधमक झुंबरांचा फोटो आणि खाली मजकूर : बहावा पूर्ण बहरला की बरोबर ४५ दिवसांनी पाऊस येतो. काही निरोपांत ६० दिवस असतात. शेवटी बहुधा ‘आपल्या पूर्वजांचं विज्ञान’ असं काहीतरी. आणि आपण काय करतो? निम्मे लोक ‘व्वा’ म्हणून पुढे ढकलतात, निम्मे ‘अंधश्रद्धा’ म्हणून झटकतात. दोन्ही गटांतल्या एकानेही आपल्या दारातला बहावा कोणत्या तारखेला फुलला, हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

खरं तर शाळेला याहून चांगला प्रश्न कोणी आयता देणार नाही. बहावा साधारण एप्रिल-मेमध्ये फुलतो. पाऊस साधारण जूनमध्ये येतो. दोन्ही गोष्टी ठरलेल्या महिन्यांत होत असतील तर त्यांच्यात दीड-दोन महिन्यांचं अंतर पडणारच, त्यात झाडाचं भाकीत कुठे आलं? उद्या मी म्हणेन, बाजारात हापूस स्वस्त झाला की महिन्याभरात पाऊस येतो. तेही बऱ्याचदा खरं ठरेल. मग झाडाला खरोखर काही कळतं की नाही, हे ओळखायचं कसं? कसोटी लागते ती वेगळ्या वर्षी. २०२५ मध्ये मोसमी पावसाने २६ मे रोजीच मुंबई गाठली, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका लवकर कधीच नाही. नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे पाऊस पंधरवडाभर आधी आला. त्या वर्षी बहावासुद्धा पंधरवडाभर आधी फुलला होता का? फुलला असेल तर पूर्वजांना नमस्कार. नसेल तर निरोप बंद. निकाल एका तारखेत होता आणि ती तारीख कुणी लिहून ठेवली नाही.

केरळात लिहितात. ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम २०१० च्या सुमारास सुरू झाला. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन ही संस्था तो चालवते. देशभरात कुणालाही भाग घेता येतो, पण नोंदींचा मोठा वाटा केरळच्या शाळकरी मुलांचा आहे, कारण ‘मातृभूमी’ या वृत्तपत्राने आपल्या शालेय उपक्रमातून तो गावोगाव नेला. पद्धत इतकी साधी की सांगताना संकोच वाटावा. एक झाड निवडायचं. आठवड्यातून एकदा त्याच्यापुढे उभं राहायचं. कोवळी पानं, जून पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं : प्रत्येकापुढे तीनच उत्तरं, नाही, थोडी, भरपूर. एक तृतीयांश झाडापेक्षा कमी असेल तर थोडी, जास्त असेल तर भरपूर. संपलं. पाच मिनिटांचं काम.

केरळात बहाव्याला कणिक्कोन्ना म्हणतात. ते तिथलं राज्यफूल. एप्रिलच्या मध्याला विषूच्या पहाटे डोळे उघडताच दिसायच्या मंगल वस्तूंत ही फुलं हवीच. त्यामुळे झाड सणाच्या आधीच फुलून झडलं की घराघरांत बोललं जातं. तक्रार जुनीच, फरक इतकाच की आता तिच्या मागे पोरांच्या आठवड्या-आठवड्याच्या नोंदी उभ्या आहेत. क्योटोत चेरीच्या बहराच्या तारखा तर बाराशे वर्षांच्या सापडतात. दरबारी लोकांनी आणि भिक्षूंनी आपल्या रोजनिश्यांत मेजवान्यांच्या, उत्सवांच्या नोंदी केल्या, त्यांना हवामानबदलाचं काही देणंघेणं नव्हतं. पण २०२१ मध्ये २६ मार्चला बहर शिगेला पोहोचला तेव्हा तो बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा, असं छातीठोकपणे सांगता आलं ते त्या रोजनिश्यांमुळे.

आपल्याकडे निरीक्षणाची परंपरा नाही असं मुळीच नाही. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडतो, हे ऐकायला कान लागतो. कावळ्याचं घरटं झाडाच्या कुठल्या बाजूला, यावरून पावसाचा अंदाज बांधणारे लोक आहेत. मारुती चितमपल्लींनी उभं आयुष्य जंगलात काढून वनवासींकडून अशा खुणा आणि त्यांचे शब्द वेचले. पक्ष्यांच्या वसाहतींसाठी सारंगागार, काकागार असे शब्द त्यांनी मराठीत रुजवले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, या दोहोंमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. पुन्हा तेच : साजरा. भित्तिपत्रकं लागतात, घोषणा होतात. शाळेच्या आवारात त्या आठवड्यात किती साळुंक्या होत्या, हा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवता येईल अशी शाळा मला अजून भेटायची आहे.

झाड नको असेल तर पाऊस घ्या. सरळ भिंतीची बाटली किंवा डबा उघड्यावर ठेवला, सकाळी पट्टीने आतल्या पाण्याची उंची मोजली, की तितके मिलिमीटर पाऊस. तोंड रुंद असो की अरुंद, भिंत सरळ असली की उंची तीच येते. का येते, हा सहावीच्या वर्गात एक अख्खा तास रंगेल असा प्रश्न आहे. पुढचा हिशेबही तोंडी होतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सात मीटर लांब, सहा मीटर रुंद वर्गखोलीच्या छपरावर हंगामात ६०० मिलिमीटर पडला तर २५,२०० लिटर. त्याच शाळेत फेब्रुवारीत पिंप आणून पोषण आहाराची खिचडी शिजत असेल, तर त्या वर्गात जलसुरक्षेचा धडा वेगळा वाचून दाखवावा लागत नाही.

हाच हिशेब मोठ्यांना आला तर काय होतं, ते हिवरे बाजारने दाखवलं. वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं नगरचं ते गाव. ते घडवणाऱ्या पोपटराव पवारांचं कौतुक एव्हाना सगळ्यांनी वाचलेलं आहे, ते पुन्हा सांगत नाही. मला तिथली ग्रामसभा महत्त्वाची वाटते. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल हे आधी मांडायचं आणि उरलेल्यात पीक बसवायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पाण्याचा हा ताळेबंद पुढे अटल भूजल योजनेने महाराष्ट्रासह सात राज्यांत नेला. गावोगाव चावडीच्या भिंतींवर तो ऑइलपेंटने रंगवलेला दिसतो. ऑइलपेंटची अडचण एकच, तो दरवर्षी बदलत नाही. एका गावात मी दोन वर्षांपूर्वीचा पाऊस वाचला.

माझ्या उत्साहाला सुरुंग लावायला ही भिंत पुरेशी आहे. आणि त्याहून मोठा दाखला आहेच. गाडगीळांच्याच कल्पनेतून आलेली लोकजैवविविधता नोंदवही २००२ च्या जैवविविधता कायद्याखालच्या नियमांत शिरली. गावाने आपल्या झाडापाखरांचं, बियाण्यांचं, जाणकारांचं ज्ञान स्वतः लिहायचं. वर्षानुवर्षं ते झालं नाही. मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, चुकलात तर राज्याला महिन्याला १० लाख दंड. बघता बघता देशभरात लाखांनी नोंदवह्या तयार! शेजारशेजारच्या गावांच्या वह्यांत तीच झाडं, त्याच क्रमाने, असल्या तक्रारी मग अभ्यासकांकडून ऐकू येऊ लागल्या. उद्या शिक्षण विभागाने ‘माझा बहावा’ अभियान काढलं तर त्याचीही लिंक येईल, लक्ष्य ठरेल आणि शून्य बहावे असलेल्या तालुक्यातून शंभर टक्के बहर कळवला जाईल. म्हणून हे अभियान निघूच नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. ज्या गुरुजींना, ज्या बाईंना हौस आहे त्यांनी एक झाड निवडावं आणि कुणालाही कळवू नये. निदान दोन वर्षं.

भाचीने झेरॉक्स घेतली नाही. आम्ही सोसायटीच्या मागचा बहावा धरला आहे. पहिल्या रविवारी फुलं : नाही, पिकलेल्या शेंगा : थोड्या, असं पटापट लिहून झालं. हिरव्या शेंगांपाशी गाडी अडली. खालून बघून मी म्हटलं, थोड्या लिही. तिला पटेना. वरच्या फांद्या दिसतच नव्हत्या. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची बेल वाजवून ती त्यांच्या गॅलरीत गेली आणि तिथून ओरडली, ‘मामा, खोड! थोड्या खोड! इकडून भरपूर आहेत!’